मध्यम कुठून आला?

"थांब. मध्यम कुठून आला?"

आई गाता गाता थांबली आणि माझ्या डाव्या हाताकडे बघायला लागली. अभंग भूप रागातला, तिच्या गळ्यात पन्नास वर्षं बसलेला. मी गिटारीवर जी, सी, डी असे तीन कॉर्ड आलटून पालटून वाजवत होते. कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले तीन-चार स्वर, हे आईला ठाऊक नाही. पण मी सीवर गेले की तिला दरवेळी काहीतरी टोचत होतं, भातात खडा लागावा तसं. "भूपात मध्यम नसतो गं. तू तिथं गेलीस की मध्यम वाजतोय आणि माझा सूर हलतोय."

मी पेटीच्या भात्यावर कोपर टेकून विचार करत बसले. सीच्या कॉर्डात सी, ई आणि जी हे तीन स्वर असतात. जी हा सा मानला, तर सी म्हणजे शुद्ध मध्यम, सारेगममधला म. म्हणजे आई अगदी बरोबर सांगत होती. तीन वर्षांत तो कॉर्ड मी हजारो वेळा धरला असेल, पण त्यात कोणते स्वर आहेत हे एकदाही बघितलं नव्हतं. माझ्यासाठी सी म्हणजे तीन बोटांची एक आकृती होती. ही गोष्ट २०२३च्या श्रावणातली. माझं गिटार शिकणं खऱ्या अर्थानं पुढं सरकलं ते त्या संध्याकाळपासून.

त्याआधीचं थोडक्यात सांगते. गिटार घेतली २०२०मध्ये, लॉकडाऊनच्या काळात. सांगलीत राहते, बँकेत नोकरी करते, त्यामुळे शिकणं सगळं मोबाईलवरच्या व्हिडिओंवर. बोटांची टोकं दुखली, मग घट्टे पडले, मग दुखायची थांबली. वर्षभरात ए, ए मायनर, सी, डी, डी मायनर, ई, ई मायनर आणि जी हे आठ उघडे कॉर्ड यायला लागले. उघडे म्हणजे ज्यात काही तारा बोट न ठेवता मोकळ्या वाजतात ते. एवढ्या भांडवलावर चाळीसेक गाणी होत होती. घरी कुणी आलं की दोन गाणी व्हायची, सगळे कौतुक करायचे.

पण पुढची दोन वर्षं मी तिथंच होते. नवं गाणं घेतलं तरी हात तेच करायचे. एफ आला की गाणं सोडून द्यायचे. एका कॉर्डवरून दुसऱ्यावर जाताना मध्ये छोटीशी खाच पडायची, ती मला ऐकूच येत नव्हती, कारण मी मनातल्या मनात गाण्यालाच त्या खाचेपाशी थांबवून घेत होते. या अवस्थेत खूप जण गिटार कपाटावर ठेवून देतात. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटतं, कारण पुढची वाट तिथून फार लांब नसते. फक्त ती आणखी गाणी पाठ करण्याच्या दिशेला नसते.

श्रावणातल्या त्या संध्याकाळी आईनं आणखी एक गोष्ट सांगितली होती. ती नेहमी काळी चारमध्ये गाते. माझ्यासाठी ती अर्धा सूर खाली, पांढरी पाचला आली होती. "पण सैल वाटतंय," म्हणाली, "गळा लागत नाही." पेटीवर पांढरी एक म्हणजे सी धरलं, तर पांढरी पाच म्हणजे जी आणि काळी चार म्हणजे जी शार्प. भजनाला बसलेली बाई काळी चार म्हणाली की पेटीवाली काकू क्षणात बोट ठेवते. मला मात्र जी शार्पमध्ये एकही उघडा कॉर्ड येत नव्हता, कारण तिथं ते जवळजवळ नाहीतच. जी शार्प मेजर, एफ मायनर, सगळे बार कॉर्ड. बार कॉर्ड म्हणजे तर्जनी आडवी टाकून सहाच्या सहा तारा दाबायच्या आणि उरलेल्या तीन बोटांनी आकृती करायची. आईनं तिच्या पट्टीत गावं असं मला मनापासून वाटत होतं. म्हणून एफपाशी परत आले, तोही बार कॉर्डच.

तीन आठवडे रोज वीस मिनिटं. तर्जनी दुखायची, अंगठ्याखालचा तळवा आखडायचा आणि तरीही दुसरी आणि तिसरी तार थपथप वाजायची, मुकी. मग एक दिवस सहज तोच आकार पाचव्या फ्रेटवर, म्हणजे गिटारीच्या गळ्यावरच्या पाचव्या आडव्या पडद्यावर, धरून बघितला तर सगळ्या तारा बऱ्यापैकी वाजल्या. तोच हात, तीच बोटं. मग पहिल्याच फ्रेटवर काय अडतंय? मला शंका आली की दोष सगळा माझ्या हातात नाही.

सांगलीहून मिरज दहा किलोमीटर. मिरजेत तंबोरे आणि सतारी पिढ्यान्‌पिढ्या बनतात, देशभरचे गवई तिथून वाद्यं नेतात. २०२४मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. मी गेले ते आदल्या वर्षी, भाद्रपदात. आईचा तंबोरा ज्यांच्याकडे दुरुस्तीला जायचा त्या चाचांकडेच गिटार घेऊन गेले. त्यांनी ती उलटीसुलटी करून बघितली, मग सहावी, सगळ्यात जाड तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धरली आणि मला म्हणाले, "ताई, हितं वाकून बघा, पहिल्या पडद्यावर तारंखाली किती जागा हाय."

वाकून बघितलं. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबली की पहिल्या फ्रेटवर तिच्याखाली जेमतेम केसाएवढी फट राहायला हवी. माझ्या गिटारीत तिथं जाड पुठ्ठा सरकला असता. गिटारीच्या गळ्याच्या वरच्या टोकाला एक छोटी पांढरी पट्टी असते, तिला नट म्हणतात. तिच्या खाचांतून तारा खुंट्यांकडे जातात. त्या खाचा कारखान्यातून आल्या तशाच उथळ राहिल्या होत्या. नटच्या अगदी शेजारी तार दाबायला म्हणून दुप्पट जोर लागत होता. दहा मिनिटांचं ते काम विकणाऱ्यानं करून द्यायला हवं होतं. नव्या शिकणाऱ्याला हे कळायला मार्गच नसतो. तो आपल्या बोटांनाच बोल लावत राहतो. मी तीन वर्षं लावला.

चाचांनी बारीक कानस घेतली आणि एकेक खाच घासायला लागले. दोनदा घासायचं, तार बसवायची, दाबून बघायचं, परत काढायची. खाच जराही जास्त खोल गेली तर तार फ्रेटला घासून झणझणते आणि मग नटच बदलावा लागतो. मधेच थांबून त्यांनी बाजूचा तंबोरा जवळ ओढला, घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात तिच्यावर, तारेखालचा दोरा थोडा सरकवला आणि तार छेडली. दोरा एका जागी होता तेव्हा आवाज ठोकळ्यासारखा, केसभर पुढं सरकवला आणि तारेतून स्वरांचा झरा सुटला. "हिला जवारी म्हंत्यात. तंबोऱ्याला ही झणझण पायजे. तुमच्या गिटारीला नको. हिथं तार मोकळी ऱ्हायला पायजे." मग त्यांनी गिटारीच्या घोडीवरची पांढरी पट्टी काढून सपाट दगडावर घासली. पावसाळ्यात लाकूड ओल धरून फुगतं, पुढची फळी वर येते, तिच्याबरोबर घोडीही वर येते आणि तारा फ्रेटपासून लांब जातात. बाराव्या फ्रेटवर माझी सहावी तार साडेतीन मिलिमीटर वर होती, ती अडीचवर आली. तिथं जेवढं खाली आणायचं, त्याच्या दुप्पट ती पट्टी घासावी लागते, हेही तिथंच कळलं. तारा बारापासून सुरू होणाऱ्या संचाऐवजी अकराच्या घातल्या, म्हणजे थोड्या बारीक, कमी ताणाच्या.

घरी येऊन एफ धरला. सहाही तारा वाजल्या असं नाही, पण पाच वाजल्या. मी तशीच बसून तो कॉर्ड एकेक तार छेडत परत परत ऐकला. एफ, सी, एफ, ए, सी, एफ.

उरलेली तार हाताची होती. तर्जनीचा मऊ पोटाचा भाग तारांवर टाकला की सांध्यांच्या सुरकुत्यांत तार अडकते. बोट किंचित अंगठ्याच्या बाजूला कलतं केलं, म्हणजे हाडाची कड तारांवर आली, की कमी जोरात जास्त तारा दबतात. बोट फ्रेटच्या तारेला अगदी चिकटून हवं. आणि जोर अंगठ्यातून चिमटा काढल्यासारखा लावायचा नाही, कोपर जरासं मागं घेऊन हाताच्या वजनानं लावायचा. हे तीन बदल जमायला आणखी दीड महिना लागला. रोज दहाच मिनिटं, कारण जास्त केलं की मनगट दुखतं आणि दुखऱ्या मनगटानं केलेला सराव चुकीची सवय लावतो.

मग ती गोष्ट लक्षात आली, जिनं मला सगळ्यात जास्त आनंद दिला. एफचा आकार म्हणजे ईचाच आकार, एक फ्रेट पुढं सरकवलेला. ईमध्ये नट जे काम करतो ते एफमध्ये तर्जनी करते. म्हणजे हा आकार कुठंही नेता येतो. तिसऱ्या फ्रेटवर नेला की जी, चौथ्यावर जी शार्प. काळी चार! तिकडं पेटीवर आई बोट ठेवते, इकडं माझी तर्जनी चौथ्या फ्रेटवर. पहिल्यांदाच आम्ही दोघी एकाच ठिकाणाबद्दल बोलत होतो.

त्या आठवड्यात मी वही घेतली आणि मला येणाऱ्या प्रत्येक कॉर्डात कोणते स्वर आहेत ते सारेगमच्या भाषेत लिहून काढलं. व्हिडिओ मेजर थर्ड, परफेक्ट फिफ्थ असे शब्द वापरतात. ते चुकीचे नाहीत, पण मी लहानपणी आईकडे पेटी शिकले होते, माझ्या कानाला गंधार आणि पंचम जास्त लवकर कळतात. मेजर कॉर्ड म्हणजे सा, शुद्ध गंधार, पंचम. मायनर म्हणजे सा, कोमल गंधार, पंचम. एवढं लिहिलं आणि वही उजळली. व्हिडिओत ज्याला मायनर पेंटाटोनिक म्हणून खोकी काढून शिकवतात, ते सा, कोमल ग, म, प, कोमल नी, म्हणजे धानीचे स्वर. मेजर पेंटाटोनिक म्हणजे आपला भूप. ज्याला लहानपणी चार सरगम आणि दोन भजनं शिकवली गेली असतील, त्यानं ते ज्ञान दाराबाहेर ठेवून गिटारीकडे येऊ नये असं मला फार वाटतं. मी तीन वर्षं ठेवलं होतं.

आता भूप. सा रे ग प ध. या पाच स्वरांतून तीन स्वरांचे मेजर-मायनर कॉर्ड किती बनतात? मी वहीत सगळ्या जोड्या करून बघितल्या. फक्त दोन. सा ग प, हा मेजर. आणि ध सा ग, हा मायनर. जी सा मानला तर जी मेजर आणि ई मायनर, बस्स. सी मेजरमध्ये मध्यम येतो. डी मेजरमध्ये प, नी, रे, म्हणजे निषाद येतो. आईला मध्यम जास्त टोचला, कारण मी सीवर खूप वेळ थांबत होते. डीवरचा निषाद झटकन निघून जात होता, पण खटकत तोही असणार.

दोन कॉर्डांवर अख्खा अभंग कसा वाजवायचा? अंतऱ्यात पंचमावर मुक्काम आहे, तिथं साला चिकटून बसलं तर चाल पुढं गेल्यासारखी वाटत नाही. डीचा आकार धरून बसले होते आणि तारा एकेक करून छेडत होते. चौथी तार मोकळी, पंचम. तिसऱ्या तारेवर तर्जनी, रिषभ. दुसऱ्या तारेवर अनामिका, पुन्हा पंचम. पहिल्या तारेवर मधलं बोट, निषाद. हाच तो. मी मधलं बोट उचललं. पहिली तार मोकळी वाजली, ई. ई म्हणजे धैवत. प, रे, प, ध. चारही स्वर भूपातले. एक बोट उचललं आणि निषाद निघून गेला.

या कॉर्डला एक नाव आहे, डी सस टू, आणि ते मी व्हिडिओत कित्येकदा ऐकलं होतं. "हा जरा वेगळा वाटतो, मध्ये मध्ये वापरा" एवढंच त्याबद्दल सांगतात. तो कशासाठी आहे हे मला त्या रात्री कळलं.

दुसऱ्या दिवशी आणखी एक सापडलं. जी दोन तऱ्हांनी धरतात. एका तऱ्हेत अनामिका दुसऱ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला आणि करंगळी पहिल्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला असते. म्हणजे पंचम आणि षड्‌ज. ती दोन बोटं तशीच ठेवून वरची बोटं ई मायनरला नेली, तरी पंचम आणि षड्‌ज वाजतच राहतात. डीला नेली तरी तेच. अभंगभर अनामिका आणि करंगळी जागची हलत नाहीत, कॉर्ड खाली बदलत राहतात आणि वरच्या दोन तारांवर प-सा, प-सा अखंड चालू. मी आईला हाक मारली. ती दोन घरं सोडूनच राहते. आली, पाच मिनिटं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "हा तंबोरा लागलाय बघ."

काळी चारसाठी आता बार कॉर्डही येत होते, पण मोकळ्या तारांचं हे घुमणं बारमध्ये मिळत नाही. म्हणून पहिल्या फ्रेटवर कॅपो लावला, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, आणि जीचेच आकार वाजवले. जी अर्धा सूर चढून जी शार्प झाला. कॅपो लावणं ही पळवाट आहे असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. हात कुठं मोकळा ठेवायचा आणि कुठं नाही हे ठरवता येणं, हेही वाजवणंच आहे.

हे सगळं डाव्या हाताचं. उजव्या हाताची गोष्ट वेगळी आणि जास्त कष्टाची.

मी फोनवर स्वतःचं वाजवणं रेकॉर्ड केलं आणि आईचं गाणं मागं ठेवून ऐकलं. मी धावत होते. सोप्या जागी पुढं पळायचे, कॉर्ड बदलताना थांबायचे आणि मग उशीर भरून काढायला पुन्हा पळायचे. आई प्रत्येक ओळीत मला सांभाळून घेत होती. तिच्या वयाला आणि तिच्या गाण्याला माझ्यासाठी ही कसरत करावी लागावी, याचं मला खरंच वाईट वाटलं. त्या रात्री फोनमध्ये मेट्रोनोम घातला, म्हणजे ठरलेल्या लयीत टकटक करणारं ॲप.

पहिला सराव एका मिनिटाचा. जीवरून सीवर, सीवरून जीवर, मिनिटात किती वेळा स्वच्छ जाता येतं ते मोजायचं. पहिल्या दिवशी बावीस. आकडा वाढेना तेव्हा मी हळू करून बघितलं की बोटं कुठल्या क्रमानं पडतात. सी धरताना माझी तर्जनी आधी पडत होती, दुसऱ्या तारेवर, आणि अनामिका सगळ्यात शेवटी, पाचव्या तारेवर. पण उजवा हात वरून खाली येताना पाचवी तारच आधी छेडतो! जी तार आधी वाजणार तिच्यावरचं बोट शेवटी पोचत होतं, म्हणून खाच. आधी अनामिका, मग मधलं, मग तर्जनी असा क्रम लावला. दोन दिवस आकडा अठरावर घसरला, मग चढायला लागला. तीन आठवड्यांत चाळीस, दोन महिन्यांत साठ.

दुसरा सराव त्याहून कठीण वाटला. मेट्रोनोम मिनिटाला साठवर ठेवायचा, उजवा हात घड्याळाच्या लंबकासारखा खाली-वर चालू ठेवायचा आणि काही झालं तरी तो थांबवायचा नाही. कॉर्ड वेळेत लागला नाही तरी चालेल, मोकळ्या तारा वाजल्या तरी चालेल, हात चालू. सुरुवातीला कानाला हे फार खडबडीत लागतं. पण डावा हात उजव्याच्या मागं धावायला शिकतो, उलटं होत नाही. गाणाऱ्या माणसाला चुकलेला कॉर्ड एक वेळ चालतो, चुकलेली मात्रा चालत नाही.

व्हिडिओतले डाऊन-डाऊन-अप-अप मला कधी लक्षात राहिले नाहीत. तबल्याचा आठ मात्रांचा केरवा राहतो. धागेनाति नकधिन तोंडानं म्हणत हात फिरवायला लागले. 'धा'ला जाड तारा, 'ना'ला बारीक तारा, 'न'ला तारा तळव्यानं दाबून फक्त टक्. बोल तोंडात असले की हात चुकत नाही. दादऱ्यासाठी सहा मात्रांचं तसंच. आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी, रेकॉर्ड करायचं आणि आधीच्या रविवारचं शेजारी ठेवून ऐकायचं. रोज ऐकलं तर फरक कळत नाही आणि मन खट्टू होतं.

वर्ष गेलं. २०२४ची कार्तिकी एकादशी. आईच्या महिला भजनी मंडळात मला गिटार घेऊन बसायची परवानगी मिळाली. पेटीवाल्या काकूंना आधी शंका होती, आणि ती रास्त होती. मी घरून ट्यूनरवर तारा लावून नेल्या होत्या. पेटीबरोबर पहिला झणकार दिला आणि काकूंनी मान हलवली. पेटी जुनी, तिचे सूर ट्यूनरच्या मानानं जरा चढे. पेटी जागेवर लावता येत नाही, गिटार येते. कॅपो लावून, ट्यूनर बंद करून, काकूंनी धरलेल्या काळी चारवर मी एकेक तार कानानं मिळवली. दोन सूर जवळ आले की त्यांच्यात लाटा येतात, वाव-वाव-वाव, आणि मिळत गेले की लाटा लांबत लांबत थांबतात. हे मी वाचलं होतं. बारा बायका गप्प बसून वाट बघत असताना पहिल्यांदा ऐकलं. चारेक मिनिटं लागली असतील. कुणी घाई केली नाही.

आईचा अभंग संथ सुरू झाला. पहिल्या ओळीला फक्त पेटी आणि गिटार. अनामिका, करंगळी जागेवर. आईनं एकदाही माझ्याकडे बघितलं नाही, आणि तिनं बघू नये हेच मला हवं होतं.

मग टाळ आले. बारा जोड टाळांत गिटार ऐकू येत नाही, हे मला आधी कुणीतरी सांगायला हवं होतं. मीही जोर लावला, पण तारा खरखरायला लागल्या. आणि शेवटाकडे लय चढत गेली, भजनात ती चढतेच. माझा सगळा सराव एकाच गतीतला. दोन ओळींत मी मागं पडले. तेव्हा काय सुचलं कोण जाणे, मी केरवा सोडून दिला आणि फक्त समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, एक झणकार द्यायला लागले. आठ मात्रांत एक. बाकी सात मात्रा ऐकत बसायचं. तेवढ्यानं मी परत आत आले. पखवाजवाले काका हसून मान डोलवत होते. आता मी चढ्या लयीचा सराव वेगळा करते. मेट्रोनोम दर दोन ओळींना पाचनं वाढवायचा आणि झणकार तेवढेच कमी करत जायचे.

या वर्षी आईचा आवाज थोडा उतरला आहे. सत्तरीला टेकलीय. मध्यंतरी खोकला झाला, त्यानंतर काळी चारचा वरचा सा तिला ओढून घ्यावा लागतो. आम्ही दोघींनी बसून ठरवलं की आता काळी तीन, म्हणजे एफ शार्प. तिला ते सांगायला अवघड गेलं, मला कळत होतं, म्हणून मी लगेच गिटारीकडे वळले. जीच्या आकारांनी एफ शार्पला जाता येत नाही, कॅपो सूर चढवतो, उतरवत नाही. सगळ्या तारा अर्धा सूर खाली उतरवल्या तर येईल, पण मंडळात बाकीच्या बायका वेगवेगळ्या पट्ट्यांत गातात, मध्येच तारा कोण लावत बसणार. म्हणून चौथ्या फ्रेटवर कॅपो आणि डीचे आकार.

भूप तोच, त्यामुळे हिशेबही तोच. सा ग प म्हणजे डी. पंचमाच्या मुक्कामाला ए, आणि त्यात निषाद दुसऱ्या तारेवर आहे, तिथलं बोट उचललं की बी मोकळी वाजते, म्हणजे धैवत. प, रे, प, ध, रे. तीच युक्ती, वेगळी तार. आणि ध सा ग म्हणजे बी मायनर. तो उघडा कॉर्ड नाही, बार आहे. तर्जनी आडवी, हाडाच्या कडेवर. डीवरून बी मायनरवर जाताना अजून दुसरी तार कधी कधी मुकी राहते. मिनिटाला अठ्ठावीस होतात. आषाढी अजून पाच आठवड्यांवर आहे.